बेलमॉन्टेची कारकीर्द क्रीडापानावर यावी : मराठी क्रीडा संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांचे आणि संकेतस्थळांचे क्रीडा संपादक, क्रीडा प्रतिनिधी व स्तंभलेखक यांस,

सादर नमस्कार.

टेनपिन बोलिंगविषयी, म्हणजे लेन नावाच्या पट्ट्यावरून बॉल सोडून टोकाच्या दहा पिना पाडण्याच्या खेळाविषयी, मराठीत जे काही छापून येते, ते बहुतेक करून पुरवण्यांमध्ये येते. नवा मॉल उघडला, तिथे लेन आहेत, सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, वाढदिवसाची मेजवानी कुठे करावी, एवढ्यापुरताच हा खेळ आपल्या वाचकाला माहीत आहे. या खेळावर घर चालवणारी, त्यासाठी वर्षातले कित्येक महिने परमुलखात काढणारी आणि एकेका विजेतेपदासाठी आठवडाभर झुंजणारी व्यावसायिक माणसे जगात आहेत, याचा पत्ता क्रीडापानावरून लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे हा त्यांतला सर्वांत मोठा खेळाडू. त्याच्या कारकिर्दीसाठी क्रीडापानावर जागा मागावी, आणि ती कारकीर्द कशी लिहिली जावी याविषयीही थोडे बोलावे, यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे. नुसते गुण आणि बक्षिसाची रक्कम छापून बोलिंगची बातमी होत नाही. लेनवर काय घडले हे समजावून सांगितले, तरच ती वाचकापर्यंत पोहोचते, आणि ते समजावण्याची हातोटी आपल्याकडे आहे.

बेलमॉन्टेचा जन्म 29 जुलै 1983 रोजी न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज या गावी झाला. सिडनीपासून पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या या गावात त्याच्या आईवडिलांचे बोलिंग सेंटर होते, आणि जेमतेम दीड वर्षाचा असताना तो लेनवर बॉल ढकलू लागला. जड बॉल एका हाताने उचलणे त्या वयात शक्यच नव्हते. म्हणून त्याने दोन्ही हात लावले. बहुतेक मुले थोडी मोठी झाली की दुसरा हात सोडतात, मोठी माणसे त्यांना तो सोडायला लावतात. बेलमॉन्टेलाही अनेकांनी तसे सांगितले. त्याने ऐकले नाही, आणि आईवडिलांनीही जबरदस्ती केली नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दोन हातांनी टाकणे म्हणजे नेमके काय, हे इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण वार्तांकनात नेमका हाच तपशील गळतो. पारंपरिक पद्धतीत खेळाडू अंगठा आणि दोन बोटे बॉलच्या छिद्रांत घालतो, हात झोक्यासारखा मागे नेतो आणि सोडताना आधी अंगठा बाहेर येतो, मग बोटे बॉलला फिरकी देतात. बेलमॉन्टे अंगठा घालतच नाही. त्याची दोन बोटे छिद्रांत असतात, डावा हात बॉलला वरून आणि पुढून आधार देत शेवटच्या क्षणापर्यंत सोबत राहतो, आणि तो हात सुटला की उजवा हात बॉलच्या खालून वर येतो. पाय लांब आणि वेगाने पडतात, कंबर वाकलेली असते, उजवा खांदा बराच खाली गेलेला असतो. अंगठ्याचा अडसर नसल्याने हात बॉलखाली अधिक काळ राहतो, आणि बॉलला मिनिटाला सहाशेच्या आसपास फेऱ्यांची गती मिळते. एका हाताने खेळणाऱ्या बहुतेक व्यावसायिकांच्या फेऱ्या याहून बऱ्याच कमी असतात.

या फेऱ्यांचा उपयोग पिनांपाशी कळतो. सरळ जाणारा बॉल पहिल्या पिनेवर आदळून बाजूला ढकलला जातो आणि मागच्या पिना उभ्या राहतात. बॉल सुमारे सहा अंशांच्या कोनातून, पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत शिरला, तर तो वाटेत हटत नाही. उजव्या हाताच्या खेळाडूच्या आदर्श स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पडतात तेव्हा, बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. बॉलचा वेग आणि फेऱ्या यांचा मेळ साधला, तरच तो कोन जमतो. जास्त फेऱ्या मिळवणाऱ्याला हा कोन साधण्याचे अधिक मार्ग मोकळे असतात, पण तीच फिरकी भलत्या जागी आवरली नाही तर बॉल पहिल्या पिनेवर नको तितका समोरून आदळतो आणि न जमणारे स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून दूर उरलेल्या पिना, समोर उभे राहते. म्हणजे दोन हातांची पद्धत हा सोपा मार्ग मुळीच नाही. ती ताकद सांभाळायला वेगळी शिस्त लागते, आणि बेलमॉन्टेची खरी थोरवी मला त्या शिस्तीत दिसते.

आता तेलाविषयी लिहितो.

लेनची लांबी फाउल रेषेपासून, म्हणजे जी खेळाडूने ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट असते आणि रुंदीत 39 फळ्या असतात. या लेनच्या सुरुवातीच्या साधारण 35 ते 45 फुटांवर यंत्राने तेल पसरवलेले असते. पूर्ण लेनला मिळून ते 25 ते 30 मिलिलीटरच्या आसपास भरते. उरलेला पिनांपर्यंतचा भाग कोरडा असतो. बॉल तेलावर घसरतो, कोरड्यावर पकड घेतो आणि वळतो. कोणत्या फळीवर किती तेल, ते किती फुटांपर्यंत, याचा नकाशा दर स्पर्धेत निराळा असतो. मॉलमध्ये जो नकाशा असतो, त्यात मधोमध तेल भरपूर आणि कडेला अगदी थोडे असते. बॉल बाहेर गेला तरी कोरडी कडा त्याला आत वळवते आणि जरा चुकलेली फेकही निभावून जाते. व्यावसायिक स्पर्धेत ही सवलत काढून घेतलेली असते. नकाशा आखूड असेल, जसा ‘चीता’ या नावाने ओळखला जाणारा 35 फुटांचा, तर बॉल लवकर वळतो आणि खेळाडूला गटरच्या, म्हणजे लेनलगतच्या खाचेच्या, अगदी कडेने खेळावे लागते. ‘शार्क’सारखा लांब नकाशा असेल तर वळायला जागाच उरत नाही आणि खेळ लेनच्या आतल्या भागात सरकतो. यूएस ओपनचा नकाशा सर्वांत सपाट मानला जातो. तिथे कडेपासून मध्यापर्यंत तेल जवळजवळ सारखेच असते, आणि एका फळीची चूकही अंगाशी येते.

हे तेल स्थिरही राहत नाही. सध्याचे राळेच्या आवरणाचे बॉल तेल शोषून घेतात. बॉल परत आला की त्याच्या अंगावर तेलाची कडी उमटलेली दिसतात, एकमेकांपासून थोडथोड्या अंतरावर, जणू प्रत्येक फेरीत बॉल नव्या कोऱ्या जागेवर टेकला आहे. खेळाडू ती कडी निरखतो, मगच फडक्याने पुसतो. ती किती दाट आहेत आणि किती अंतरावर आहेत, यावरून लेनवर काय उरले आहे याचा अंदाज येतो. दोन-तीन डावांत ठरावीक वाट सुकते, कालचा स्ट्राइकचा मार्ग आज फसतो, आणि उजव्या हाताचा खेळाडू डावीकडे सरकत सरकत, बॉल बदलत बदलत नवी वाट शोधतो. शेजारच्या लेनचे तेल वेगळ्या तऱ्हेने झिजलेले असते आणि एकाच डावात दोन्ही लेनवर आलटून पालटून खेळायचे असते.

आपल्यापैकी कितीतरी जणांनी वानखेडेच्या खेळपट्टीवर सकाळच्या ओलाव्यापासून पाचव्या दिवशीच्या भेगांपर्यंत रकानेच्या रकाने लिहिले आहेत, आणि वाचकांनी ते आवडीने वाचले आहेत. बोलिंगची लेन ही तशीच, दर तासाला बदलणारी खेळपट्टी आहे. फरक एवढाच की ती डोळ्यांना दिसत नाही. प्रेक्षकाला चकचकीत लाकडी पट्टा दिसतो आणि पुन्हा पुन्हा तीच क्रिया करणारा माणूस दिसतो. अमेरिकेतल्या काही प्रक्षेपणांत तेलात निळा रंग मिसळून ते दाखवण्याचा प्रयत्न झाला आणि तो मला मोलाचा वाटतो, कारण निळा पट्टा झिजताना पाहिल्यावर या खेळाला नुसता मनगटाचा खेळ कोणी म्हणणार नाही. आपल्याला रंगाचीही गरज नाही. दोन वाक्यांत नकाशाची लांबी आणि त्याचा परिणाम सांगितला, की विजेत्याने काय केले हे वाचकाला उमगू शकते.

या पार्श्वभूमीवर बेलमॉन्टेचे आकडे वाचावेत. अमेरिकेच्या प्रोफेशनल बोलर्स असोसिएशनच्या, म्हणजे पीबीएच्या, दौऱ्यावर तो 2008-09 च्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2009 मध्ये त्याने पहिले विजेतेपद मिळवले. पीबीएच्या पाच प्रमुख स्पर्धा आहेत: यूएस ओपन, यूएसबीसी (अमेरिकेची बोलिंग संघटना) मास्टर्स, टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स, पीबीए वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि प्लेयर्स चॅम्पियनशिप. मास्टर्स त्याने 2013, 2014 आणि 2015 अशी सलग तीनदा जिंकली, जे आधी कोणालाच जमले नव्हते. 2019 मध्ये टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स जिंकून त्याने दहा प्रमुख विजेतेपदांचा विक्रम गाठला, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकून तो मोडला. 2020 मध्ये यूएस ओपन हाती आली तेव्हा पाचही प्रमुख स्पर्धा त्याच्या नावावर लागल्या. त्याआधी हे फक्त माइक ऑल्बी यांनी केले होते. 2023 च्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सपर्यंत त्याची प्रमुख विजेतेपदे 15 झाली. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला सात वेळा मिळाला आहे.

तो जो विक्रम मोडला गेला, तो अर्ल अँथनी आणि पीट वेबर यांचा होता. अँथनी यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय बेलमॉन्टेचे मोठेपण पुरते कळणार नाही. 1938 साली वॉशिंग्टन राज्यात जन्मलेला हा डावखुरा खेळाडू बेसबॉलमध्ये नाव काढण्याच्या आशेवर होता. दुखापतीने ती वाट बंद झाली आणि तो बोलिंगकडे वळला. 1975 मध्ये एका मोसमात एक लाख डॉलर आणि 1982 मध्ये कारकिर्दीत दहा लाख डॉलर मिळवणारे ते पहिले बोलर. 1978 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि तरीही 1981, 1982 आणि 1983 अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांनी पीबीएचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. डावखुऱ्यांच्या बाजूचे तेल कमी झिजते, म्हणून त्यांना फायदा होतो, असा आक्षेप त्यांच्यावर आयुष्यभर घेतला गेला. त्या आक्षेपात काही तथ्य असेलही, पण तेवढ्या फायद्याने कोणी दहा प्रमुख स्पर्धा जिंकत नाही. यूएस ओपन मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. ज्या स्पर्धेने अँथनींसारख्यालाही दाद दिली नाही, ती दोन हातांनी खेळणाऱ्या, ज्याची पद्धत अनेकांनी खेळाला कलंक ठरवली होती अशा माणसाने सर्वांत सपाट नकाशावर जिंकली, यापेक्षा मोठी क्रीडाकथा मला तरी त्या मोसमात दुसरी दिसली नाही.

या विजयामागे किती श्रम असतात तेही वाचकाला सांगायला हवे. दूरचित्रवाणीवर शेवटचा तास-दोन तासांचा टप्पा दिसतो, ज्यात चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा खेळाडू वरच्या क्रमांकांना एकेका डावात आव्हान देत पायरी पायरीने चढतो. पण तिथवर पोहोचण्याआधी यूएस ओपनमध्ये आठवडाभरात पन्नासहून अधिक डाव खेळावे लागतात. प्रत्येक डावात दहा फ्रेम, म्हणजे पिना पाडण्याच्या दहा पाळ्या. सात किलोच्या आसपासचा बॉल शेकडो वेळा उचलून, धावून, वाकून सोडायचा आणि प्रत्येक वेळी दोन-तीन फळ्यांच्या फटीतून न्यायचा. प्राथमिक फेरीचे हे दिवस कोणत्याच पडद्यावर नीट दिसत नाहीत. छापील बातमीला इथेच वाव आहे.

पैशाचा हिशेबही लिहिण्याजोगा आहे. 1958 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात वकील एडी इलायस यांच्या पुढाकाराने पीबीए स्थापन झाली, आणि 1962 पासून 1997 पर्यंत एबीसी वाहिनी शनिवारी दुपारी बोलिंग दाखवत होती. त्या काळात हा खेळ अमेरिकेच्या घराघरांत होता. प्रक्षेपण थांबल्यावर संस्था डबघाईला आली, आणि 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या तीन माजी अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली. 2019 पासून ती बोलिंग सेंटरांची साखळी चालवणाऱ्या कंपनीच्या हाती गेली. बक्षिसांची रक्कम स्पर्धेगणिक बरीच बदलते: 2020 ची यूएस ओपन जिंकून बेलमॉन्टेला 30 हजार डॉलर मिळाले, तर 2023 च्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्समध्ये 1 लाख. प्रवास, राहणे, प्रवेशशुल्क हे सारे खेळाडूच्या खिशातून जाते, आणि पहिल्या काही क्रमांकांच्या खाली हाती फारसे उरत नाही. बॉल बनवणाऱ्या कंपन्यांचे करार नसते, तर बहुतेकांना हा व्यवसाय झेपलाच नसता. बेलमॉन्टेला तर स्पर्धेसाठी पॅसिफिक महासागर ओलांडावा लागतो. इतकी वर्षे त्याने ही ये-जा केली आणि पहिल्या क्रमांकावर टिकून राहिला, याची दखल अमेरिकी खेळाडूंशी तुलना करताना पुरेशी घेतली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळाला जागा कशी द्यायची, असा प्रश्न आपण विचाराल. 1988 मध्ये सोलला बोलिंगचे प्रदर्शनीय सामने झाले; 2020 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी विचारात घेतलेल्या आठ खेळांच्या अंतिम यादीत ते होते आणि तिथे निवड झाली नाही, हे खरे आहे. पण आपल्याच परंपरेकडे पाहावे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरांनी तो मान 1977, 1981 आणि 1983 मध्ये मिळवला. बिलियर्ड्स ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हते, आणि क्यू हातात धरलेले मराठी वाचक तेव्हाही मोजकेच असतील. तरीही ही नावे आपल्या घरांत माहीत झाली, ती ज्यांनी त्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यामुळे.

हा केवळ एका माणसाच्या विक्रमांचा विषय नाही. बेलमॉन्टेच्या आधीही काही जण दोन हातांनी खेळत होते, आणि फिनलंडचा ओस्कू पालेरमा त्याच्याच पिढीतला. पण बेलमॉन्टे सतत जिंकत राहिला, म्हणून ही पद्धत जगाने स्वीकारली. स्वीडनचा येस्पर स्वेन्सन, अमेरिकेचे अँथनी सायमनसन आणि काइल ट्रूप हे आज अव्वल दर्जाचे खेळाडू दोन्ही हातांनीच खेळतात, आणि सायमनसनने तर 2016 ची मास्टर्स 19 व्या वर्षी जिंकली. नियमही यानुसार बदलले: 1 ऑगस्ट 2020 पासून अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने तोल साधण्यासाठीचे जादा छिद्र बंद केले आणि बॉलला जितकी छिद्रे असतील तितकी प्रत्येक फेकीत वापरलीच पाहिजेत असे ठरवले. म्हणजे अंगठा न घालणाऱ्याच्या बॉलला आता अंगठ्याचे छिद्र ठेवता येत नाही. एखाद्या खेळाडूच्या हयातीत, तो खेळत असताना, त्याच्या खेळाची पाठ्यपुस्तके नव्याने लिहावी लागावीत, असे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

माझी विनंती मर्यादित आहे. पाच प्रमुख स्पर्धांचे निकाल क्रीडापानावर यावेत, आणि प्रत्येक निकालासोबत नकाशाची लांबी आणि निर्णायक डावात विजेत्याने कोणती वाट निवडली, एवढे दोन-तीन वाक्यांत यावे. वर्षातून एकदा बेलमॉन्टेसारख्या खेळाडूवर सविस्तर लेख यावा. 2010 मध्ये लास व्हेगासला केली कुलिक या महिला खेळाडूने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्स यांना 265-195 असे हरवले आणि पीबीएची खुली स्पर्धा जिंकणारी ती पहिली महिला ठरली. त्या सामन्यावरही सविस्तर लिहिले जावे. आपल्या देशातही राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यांना प्रतिनिधी पाठवताना, त्याने आधी लेनची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोलून तेलाचा नकाशा मागून घ्यावा.

पीबीएचा मोसम जानेवारीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी संज्ञांची एक छोटी मार्गदर्शिका, नकाशांची माहिती आणि प्रमुख खेळाडूंच्या नोंदी मराठीत तयार करून देण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि त्यासाठी मोबदल्याची अपेक्षा नाही. आपल्यापैकी कोणालाही ती हवी असल्यास पत्रव्यवहाराच्या रकान्यात तसे कळवावे.

आपला नम्र,
क्रीडापान रोज वाचणारा आणि बोलिंग खेळणारा एक वाचक